विद्यार्थ्यांचे निबंधवाचन : पूर्वतयारी व सादरीकरण

संशोधन वहीत राहिले, तर त्यातील चूकही वहीतच राहते. ती वेळीच ध्यानात यावी, यासाठी जाणकारांपुढे निबंध वाचण्याची प्रथा पडली. महाराष्ट्राला ती नवी नाही. पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात आणि १९१९ साली तेथेच भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेच्या पहिल्या अधिवेशनात असे निबंधवाचन झाले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या चर्चासत्राचा हेतूही हाच असतो.

प्रथम मुदतीत गोषवारा पाठवावा लागतो. निवड बहुधा त्यावरूनच होते. प्रश्न कोणता, साधने कोणती आणि निष्कर्ष काय, हे त्यात स्पष्ट असावे. विषयाची थोरवी सांगण्यात जागा दवडू नये.

वाचावयाचा निबंध म्हणजे प्रबंधाचे प्रकरण नव्हे. मिनिटास सुमारे १०० शब्द धरले, तर १५ मिनिटांत १,५०० शब्दच वाचून होतात. म्हणून एकच मुद्दा घ्यावा. उदाहरणार्थ, तालुक्याच्या पाणीप्रश्नाऐवजी एका गावातील विहिरींची पातळी. घड्याळ समोर ठेवून निबंध मोठ्याने वाचून पाहावा. जीभ अडखळेल तेथे वाक्य तोडावे. आकडे तक्त्यात दाखवावेत.

वाचनानंतरची प्रश्नोत्तरे हा चर्चासत्राचा गाभा होय. उत्तर ठाऊक नसल्यास तसे सांगण्यात कमीपणा नाही. मात्र प्रश्न लिहून घ्यावा. श्रोत्याने आज दाखविलेली उणीव प्रबंध सादर करण्यापूर्वी दूर करता येते. नंतर ती संधी उरत नाही.