स्थूलतेवरील शस्त्रक्रिया : यशाचा पाया गावातच

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती आणि इंदापूर हे तालुके मूळचे कमी पावसाचे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले आणि येथील शेतीचे रूप पालटले. पुढे साखर कारखाने उभे राहिले. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे पाणी इंदापूरच्या शिवाराला येऊन भिडले. ऊस, द्राक्ष, डाळिंब आणि दुधाचा व्यवसाय यांनी अनेक घरांत स्थैर्य आणले. मोटेच्या जागी विजेचा पंप, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आणि पायवाटेच्या जागी मोटारसायकलीचा रस्ता आला. माणसाच्या पाठीवरचे ओझे उतरले, ही समाधानाचीच गोष्ट होय. मात्र श्रम कमी झाले त्या प्रमाणात ताटातील साखर, तेल आणि तळलेले पदार्थ कमी झाले नाहीत. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी आणि स्थूलता हे विकार आता केवळ शहराचे राहिलेले नाहीत.

अतिस्थूल रुग्णांसाठी वजन कमी करणारी शस्त्रक्रिया हा मान्यताप्राप्त उपचार आहे. अशा शस्त्रक्रियांची केंद्रे प्रामुख्याने पुणे-मुंबईसारख्या शहरांत आहेत. बारामतीपासून पुणे सुमारे १०० किलोमीटर, तर इंदापूरपासून त्याहूनही दूर आहे. खेड्यातील रुग्ण शस्त्रक्रियेसाठी शहरात काही दिवस राहतो, पुढील सारे आयुष्य मात्र गावात काढतो. म्हणूनच शस्त्रक्रियेची फलश्रुती कशावर अवलंबून असते, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

स्थूलता कशी ओळखावी?

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता शरीरभार निर्देशांक मिळतो. उदाहरणार्थ, १६० सेंटिमीटर उंची आणि ६४ किलो वजन असलेल्या व्यक्तीचा निर्देशांक २५ येतो. युरोपीय लोकांसाठी ३० हा आकडा स्थूलतेची सीमा मानला जातो. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये सर्वसंमतीने ठरविलेल्या मापदंडानुसार आपल्याकडे २३ पासून अतिरिक्त वजन आणि २५ पासून स्थूलता समजावी. पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरपर्यंत आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरपर्यंत पोहोचला, की सावध व्हावे.

हा फरक का करावा लागला, याचे उत्तर पुण्यातच मिळाले आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३ होता. तथापि शरीरातील चरबीचे प्रमाण डॉ. युडकिन यांचे ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांचे २१.२ टक्के निघाले. वजनकाटा सारखाच आकडा दाखवीत असला तरी भारतीय शरीरात चरबी अधिक आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्यातून स्पष्ट झाले. १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत चाललेल्या माता-पोषण अभ्यासातही वजनाने लहान, पण त्या मानाने चरबी अधिक असलेली बालके आढळली. स्थूलतेच्या प्रश्नाचे मूळ अशा रीतीने मातेच्या पोषणापर्यंत जाऊन पोहोचते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २३.४ टक्के स्त्रिया आणि २४.७ टक्के पुरुष यांचा निर्देशांक २५ किंवा त्याहून अधिक होता. त्याच पाहणीत २०.८ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी आढळले. म्हणजे कुपोषणाची दोन्ही टोके एकाच राज्यात, बहुधा एकाच गावात नांदत आहेत. बागायतदाराच्या घरातील स्थूलता आणि ऊसतोडणीच्या कोपीतील अशक्तपणा या दोहोंची दखल एकाच आरोग्य केंद्राला घ्यावी लागते.

शस्त्रक्रिया कोणती आणि कोणासाठी?

या शस्त्रक्रियेचा हेतू सौंदर्यवर्धन हा नव्हे. पोटावरची चरबी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया ही निराळीच गोष्ट आहे. येथे जठर आणि आतडे यांच्या रचनेत बदल केला जातो. आज दोन पद्धती विशेष रूढ आहेत. ‘स्लीव्ह’ पद्धतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून टाकतात आणि उरलेल्या भागाची अरुंद नळी होते. ‘बायपास’ पद्धतीत जठराच्या वरच्या टोकाला लहानशी पिशवी तयार करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागास जोडतात. दोन्ही पद्धतींत थोड्या अन्नाने पोट भरते, तसेच भूक आणि साखर यांचे नियमन करणाऱ्या संप्रेरकांतही बदल होतो.

१९९१ मध्ये अमेरिकेत झालेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने ४० किंवा त्याहून अधिक निर्देशांक, अथवा ३५ च्या वर निर्देशांक आणि सोबत गंभीर विकार, ही कसोटी घालून दिली. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी ही मर्यादा खाली आणली आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करता येईल असे सांगितले. आपल्याकडे आरोग्य विम्याबाबत २०१९ मध्ये घालून दिलेल्या नियमांत मात्र वय १८ वर्षे पूर्ण, निर्देशांक ४० किंवा गंभीर सहविकारांसह ३५, आणि साध्या उपायांनी वजन कमी न झालेले असणे या अटी आहेत. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला म्हणजे विम्याचे पैसे मिळतीलच असे नव्हे. खर्चाची विचारणा आधीच आणि लेखी करावी, म्हणजे जमीन किंवा दागिने गहाण टाकण्याची वेळ येणार नाही.

दीर्घकाळचा अनुभव काय सांगतो?

या विषयावरील सर्वांत मोलाचा दीर्घकालीन अभ्यास स्वीडनमध्ये १९८७ पासून झाला. शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्या २,०३७ स्थूल व्यक्तींची त्यात वर्षानुवर्षे तुलना करण्यात आली. सरासरी सुमारे ११ वर्षांच्या कालावधीत शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी कमी आढळला. बायपास झालेल्यांचे वजन दहा वर्षांनंतरही मूळ वजनापेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी कमी होते. त्या काळात प्रचलित असलेल्या इतर पद्धतींत ही घट १४ ते १६ टक्के होती.

मधुमेहाविषयीचे निष्कर्ष अधिक विचार करावयास लावणारे आहेत. ज्यांना आधीपासून मधुमेह होता, त्यांपैकी सुमारे ७२ टक्के रुग्णांचा मधुमेह शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी आटोक्यात येऊन औषधाची गरज उरली नव्हती. पंधरा वर्षांनी हे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर आले. शस्त्रक्रिया न झालेल्यांत ते जेमतेम साडेसहा टक्के होते, म्हणून लाभ निःसंशय मोठा आहे. परंतु मधुमेह कायमचा गेला, आता तपासणीची गरज नाही, असे मानणारा रुग्ण मोठ्या धोक्यात असतो. २०२० मध्ये याच अभ्यासाने दाखविले, की शस्त्रक्रियेने आयुर्मान सुमारे तीन वर्षांनी वाढले, तरी ते सर्वसाधारण लोकांपेक्षा साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. म्हणजे शस्त्रक्रिया हानी कमी करते, ती पूर्णपणे भरून काढत नाही.

शस्त्रक्रियेचा प्रत्यक्ष धोका आता बराच कमी झाला आहे. अमेरिकेतील २००९ च्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के होते. तथापि खरी कसोटी त्यानंतर लागते.

रुग्ण गावी परतल्यानंतर

पहिला प्रश्न पोषणाचा. जठर लहान झाल्यामुळे आहार घटतो, आणि बायपासनंतर काही घटकांचे शोषणही कमी होते. लोह, कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व आणि विशेषतः ब-१२ जीवनसत्त्व यांची उणीव भासू लागते. ब-१२ मुख्यतः दूध, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. वर उल्लेखिलेल्या पुण्याजवळील गावांत सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-१२ चे प्रमाण मुळातच कमी आढळले होते. अशा शाकाहारप्रधान समाजातील व्यक्तीने शस्त्रक्रियेनंतर पूरक औषधे सोडली, तर रक्तक्षय, हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे असे परिणाम संभवतात. नसांना झालेली इजा नंतर औषध देऊनही पूर्ण भरून येईल याची खात्री नसते. ही औषधे जन्मभर घ्यावयाची असतात, ही गोष्ट रुग्णाइतकीच त्याच्या घरच्यांनाही ठाऊक हवी.

दुसरा प्रश्न आहाराचा. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत. जेवताना आधी डाळ, मटकी, अंडे, दही किंवा पनीर आणि नंतर भाकरी, असा क्रम ठेवणे हिताचे असते. उसाचा रस, गुळाचा चहा, बासुंदी यांसारखे गोड पदार्थ बायपास झालेल्या व्यक्तीने घेतल्यास घाम, धडधड, चक्कर आणि जुलाब होऊ शकतात. पाहुणचारात आग्रह करण्याची आपली रीत अशा वेळी बाजूला ठेवावी. दारू या रुग्णांच्या अंगात लवकर भिनते आणि तिचे व्यसन जडण्याचा धोका वाढतो.

ब्रिटनमधील आरोग्य व्यवस्थेत शस्त्रक्रिया केंद्राने किमान दोन वर्षे रुग्णाची देखरेख करावी आणि त्यानंतर स्थानिक डॉक्टरांच्या सहकार्याने दरवर्षी तपासणी व्हावी, असा दंडक आहे. आपल्याकडेही या मार्गाने जाता येईल. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. खेडोपाडी उपकेंद्रे, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि आशा कार्यकर्त्या आहेत. शहरातील शल्यचिकित्सकाने दिलेला कागद गावातील आरोग्य केंद्रात पोहोचला, तर साखळी पूर्ण होते.

आरोग्य केंद्राने लक्षात ठेवावयाच्या बाबी

१. शस्त्रक्रियेची तारीख, प्रकार आणि केंद्राचा दूरध्वनी क्रमांक यांची नोंद ठेवावी. केवळ ‘पोटाचे ऑपरेशन’ एवढी नोंद पुरेशी नाही.

२. मधुमेह आणि रक्तदाब यांच्या औषधांची मात्रा पहिल्या आठवड्यांतच कमी करावी लागू शकते. जुनीच मात्रा चालू राहिल्यास साखर धोकादायक रीत्या उतरते.

३. वारंवार उलट्या होत असल्यास ब-१ जीवनसत्त्वाची उणीव गृहीत धरावी. शिरेतून ग्लुकोज देण्यापूर्वी ब-१ द्यावे. त्यास विलंब झाल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

४. बायपास झालेल्या रुग्णाने अंगदुखी-गुडघेदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. त्यांनी व तंबाखूने जोडाच्या ठिकाणी व्रण होऊ शकतो.

५. बायपासनंतर अनेक वर्षांनीही पोटात अचानक तीव्र कळा आल्यास आतडे अडकल्याची शक्यता असते. पित्ताच्या गोळीवर न थांबता रुग्णाला शल्यचिकित्सेची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने पाठवावे.

६. स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. त्यानंतरच्या गरोदरपणातही रक्तघटक व जीवनसत्त्वे यांची तपासणी काटेकोरपणे करावी.

७. दरवर्षी वजन, रक्तदाब, साखर, रक्तातील लोह व ब-१२ तपासावे. उदासपणा, निराशा यांचीही आपुलकीने विचारपूस करावी.

शस्त्रक्रियेची वेळच येऊ नये म्हणून

कितीही यशस्वी झाली तरी शस्त्रक्रिया हा मोजक्या व्यक्तींचा उपाय आहे. वजन कमी करणारी नवी इंजेक्शने आली आहेत, पण ती बंद केल्यावर गेलेले वजन बव्हंशी परत येते, असे अभ्यासात दिसून आले आहे. समाजाचे आरोग्य सुधारण्याचा मार्ग शाळा, स्वयंपाकघर आणि गावची मोकळी जागा यांतूनच जातो.

राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमात ३० वर्षांवरील व्यक्तींची माहिती आशा कार्यकर्त्या एका ठरावीक सूचीत भरतात. वय, तंबाखू, मद्य, कमरेचा घेर, व्यायाम आणि कुटुंबातील आजार असे सहा प्रश्न त्यात असतात. चारपेक्षा अधिक गुण मिळालेल्यांची तपासणी अग्रक्रमाने करावयाची असते. ही सूची केवळ कागद भरण्यासाठी न राहता ग्रामसभेत तिच्या निष्कर्षांची चर्चा व्हावी. अर्थात कोणाचेही नाव उघड करण्यात येऊ नये.

२०२० च्या अन्न सुरक्षा नियमांनुसार शाळेच्या आवारात व आवारापासून ५० मीटरच्या आत चरबी, मीठ वा साखर अधिक असलेले पदार्थ विकण्यास मनाई आहे. मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायत यांनी मिळून हा नियम अमलात आणावा. स्थूल विद्यार्थ्याची वर्गात थट्टा होणार नाही, याचीही दक्षता शिक्षकांनी घ्यावी. लाजेपोटी मैदानापासून दूर राहणारे मूल अधिकच स्थूल होते.

साखर कारखान्याच्या सभासदाला सवलतीच्या दराने साखर मिळते. ती त्याच्या हक्काची आहे, परंतु घरात आलेली सारी साखर घरच्यांच्याच पोटात गेली पाहिजे असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमचे, यांच्या आत राखणे उत्तम. गूळही त्यात धरला पाहिजे. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, पालेभाजी आणि ताक हा या भागाचा जुना आहार आजही उपकारक आहे. आठवड्यातून निदान १५० मिनिटे भरभर चालण्याची जोड त्याला द्यावी. स्त्रियांना सायंकाळी निर्धास्तपणे चालता येईल असा उजेडाचा रस्ता बांधणे, हेही ग्रामपंचायतीचे आरोग्यविषयक कामच होय.

ज्याला शस्त्रक्रियेची खरी गरज आहे, त्याला हिणवू नये व अडवूही नये. ज्याची झाली आहे, त्याला एकटे सोडू नये. आणि ज्याच्यावर ती वेळ अद्याप आलेली नाही, त्याच्यासाठी आजच कामाला लागावे. शल्यचिकित्सकाचे काम काही तासांत संपते. त्या कामाला पुढे यश येते ते आशाताईच्या वहीत, डॉक्टरांच्या वार्षिक तपासणीत, शाळेच्या मैदानावर आणि घरच्या ताटात. ही जबाबदारी बारामती-इंदापूरच्या प्रत्येक गावाने आपली मानली, तर कालव्याच्या पाण्याने आणलेली समृद्धी निरोगी शरीराने उपभोगता येईल.