कातडीखालचे पाणी

बाकावर बराच वेळ बसले की आपण नकळत चुळबूळ करतो. ही चुळबूळ शरीराच्या हिताचीच असते. कशी, ते गणितानेच पाहू.

समजा, बसलेल्या माणसाचा ४०० न्यूटन भार ४०० चौरस सेंटिमीटर जागेवर सारखा पसरला आहे. बलाला क्षेत्रफळाने भागले की दाब मिळतो. तो येथे १०,००० पास्कल, म्हणजे पाऱ्याच्या सुमारे ७५ मिलिमीटर उंचीइतका येतो. १९३० साली लँडिस यांनी बोटाच्या नखालगतच्या केशवाहिन्यांतील रक्तदाब मोजला. धमनीकडील टोकाशी तो सरासरी ३२ मिलिमीटर भरला. तेव्हा बाहेरच्या दाबाने या वाहिन्या चेपल्या जाऊ शकतात हे उघड आहे. शिवाय हाडांच्या उंचवट्यांपाशी दाब आणखी वाढतो.

निरोगी माणूस अवघडला की हलतो. अर्धांगाने किंवा म्हातारपणाने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला ते जमत नाही. मग माकडहाड, खुबा, टाच येथील पेशी दबून दुखावतात व पुढे शय्याव्रण होतो.

पुष्कळदा या इजेची सुरुवात खोलवर, हाडालगत होते. दुखावलेल्या पेशींतून बाहेर पडणाऱ्या रसायनांमुळे केशवाहिन्या झिरपू लागतात आणि भोवती पाणी साठते. हीच सूज. प्रारंभी ती इतकी थोडी असते की डोळ्यांना दिसत नाही.

येथे भौतिकी मदतीला येते. कपॅसिटरच्या दोन पट्ट्यांमध्ये हवेऐवजी शुद्ध पाणी भरले, तर त्याची विद्युत धारकता सुमारे ८० पट होते. चरबीमुळे ती फारच कमी वाढते. म्हणून त्वचेवर उपकरण टेकवून धारकता मोजली की खालच्या पाण्याचा अंदाज येतो. शेजारशेजारच्या जागांच्या मापांत बराच फरक पडला, तर तो धोक्याचा इशारा समजतात. व्रण दिसण्याच्या काही दिवस आधीच तो मिळू शकतो.

सावळ्या त्वचेवर लाली चटकन कळत नाही. म्हणून घरी हाताने तपासावे. एखादी जागा आजूबाजूपेक्षा ऊन, गार, मऊ वा टणक लागते का? दुखते का? तसे असल्यास तेथील भार काढावा, ती जागा चोळू नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

आता एक उदाहरण सोडवा. मऊ गादीमुळे वरचाच भार ८०० चौरस सेंटिमीटरवर पसरला, तर दाब किती होईल? उत्तर सुमारे ३७.५ मिलिमीटर येते. दाब निम्मा झाला, तरी ३२ च्या वरच राहिला. म्हणूनच गादी कितीही चांगली असली, तरी रुग्णाची कूस वेळोवेळी बदलावीच लागते.