महापालिका भाड्याची घरं का बांधत नाही?

प्रश्न : आमच्या सोसायटीत पाच घरी पोळ्या करणाऱ्या मावशी धनकवडीत एका खोलीचं आठ हजार भाडं भरतात. दर अकरा महिन्यांनी नवा करार, दर वेळी भाडंवाढ. प्रधानमंत्री आवासमधलं घर घ्यायचं तर बँक त्यांना कर्ज देत नाही. मग महापालिका स्वस्त भाड्याची घरं का बांधत नाही? आमच्या करातून तेवढे पैसे निघणार नाहीत का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : निघतील, आणि ते किती लागतील याचा हिशेब पुढे मांडतोच. पण आधी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे सरकारी पैसा घर बांधताना एकदाच येतो. त्यानंतर गळकी गच्ची, बंद पडलेला पंप, जिन्यातला दिवा यांच्यासाठी दरवर्षी पैसा कुणी ठेवत नाही. विकायच्या घरात हे चालून जातं, कारण चावी दिली की जबाबदारी घेणाऱ्याची. भाड्याच्या घरात मात्र चावी दिल्यावरच खरं काम सुरू होतं.

सरकारने भाड्याची घरं बांधली नाहीत असं मुळीच नाही. मुंबईच्या बीडीडी चाळी 1920 च्या दशकात सरकारी पैशातूनच उभ्या राहिल्या, 160 चौरस फुटांच्या खोल्यांच्या. स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळ आलं, 1952 मध्ये औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची केंद्राची योजना आली. भाडं नाममात्र ठेवलं आणि ते वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. त्यातून दुरुस्तीचा खर्च निघेना, इमारती खंगत गेल्या. शेवटी बीडीडीच्या रहिवाशांना 500 चौरस फुटांची मालकीची घरं द्यायचं ठरलं. त्यांना ती मिळायलाच हवीत, त्याबद्दल दुमत नको. पण सरकारच्या हातातली भाड्याची घरं तेवढी कमी झाली.

एमएमआरडीएने 2008 मध्ये मुंबई महानगरात खास भाड्याच्या घरांची योजना आणली. बिल्डरला जादा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा द्यायची, बदल्यात 160 चौरस फुटांची घरं फुकट घ्यायची. पनवेलजवळ कोनला अशी घरं झालीही, पण 2016 च्या सोडतीत त्यांतली दोन हजारांवर घरं गिरणी कामगारांना मालकीने गेली. आपल्या पुण्यातही तेच. घरांसाठीच्या आर-7 या आरक्षणातून महापालिकेच्या ताब्यात आलेल्या सदनिका रस्तारुंदीत घर गेलेल्यांना अगदी थोड्या भाड्याने दिल्या होत्या. भाडं थकलं, देखभाल होईना, आणि काही वर्षांपूर्वी त्या राहणाऱ्यांनाच विकायचा प्रस्ताव पुढे आला. हडपसर, खराडी, वडगाव खुर्द इथली प्रधानमंत्री आवासची घरं तर पहिल्यापासून विक्रीचीच. घरामागे केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, बाकीचे ज्याचे त्याने उभे करायचे. मावशींना बँकेच्या दारातून परत यावं लागतं ते इथेच. त्यांच्याकडे पगाराची स्लिप नाही.

आता हिशेब. आकडे ढोबळ धरतो. महापालिकेची स्वतःची जागा आहे, म्हणून जमिनीचा खर्च शून्य. 30 चौरस मीटरचं, म्हणजे सव्वातीनशे फुटांचं घर बांधायला 10 लाख लागले असं समजा. सप्टेंबर 2024 पासूनच्या आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचा वेगळा घटक आहे. नव्या तंत्राने बांधलं तर त्यात केंद्राचे चौरस मीटरला 3,000 आणि राज्याचे 2,000 मिळतात. म्हणजे घरामागे दीड लाख. उरलेल्या साडेआठ लाखांवर 8 टक्क्यांनी नुसतं व्याज महिन्याला 5,667 रुपये. पाणी, लिफ्ट, सफाई आणि दुरुस्तीची गंगाजळी यांचे 1,500 धरले की सव्वासात हजारांच्या आत-बाहेर. मुद्दल फेडायचं अजून बाजूलाच आहे. वीस हजार कमावणाऱ्या घराला झेपेल असं भाडं पाच हजार. वरचे साधारण 2,200 रुपये कुणीतरी दर महिन्याला भरल्याशिवाय तोंडमिळवणी होत नाही.

हजार घरांचे हे वर्षाला अडीच-पावणेतीन कोटी होतात. पुणे महापालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक 12,618 कोटींचं होतं. तेव्हा ऐपतीचा प्रश्न नाही. पण ही रक्कम दरवर्षी, न चुकता द्यावी लागते आणि तिचं उद्घाटन होत नाही. म्हणून ती अंदाजपत्रकात शिरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

भाड्यासाठी दरवर्षी पैसा द्यायचं तत्त्व आपल्याला नवं नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली, तेव्हा पुण्यासारख्या शहरात राहण्यासाठी वर्षाला 20,000 रुपये ठरले. दहा महिने धरले तर महिन्याला दोन हजार. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाला विचारा, तेवढ्यात काय मिळतं ते. रक्कम तोकडी आहे, पण सरकार गरजूचं भाडं भरू शकतं हे या योजनेने मान्य केलं. वसतिगृहाच्या खोलीसाठी जे चालतं ते एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबासाठी का चालू नये?

असा पैसा नेमाने उभा करता येतो, याचं उदाहरणही आहे. व्हिएन्ना महापालिकेने 1923 मध्ये फक्त घरांसाठी वेगळा कर लावला. बड्यांच्या आलिशान घरांवर जास्त, कामगारांच्या घरांवर अगदी थोडा. आज त्या शहराकडे स्वतःची सुमारे दोन लाख वीस हजार भाड्याची घरं आहेत. तिथे ती विकून मोकळं व्हायची घाई केली नाही, म्हणून उरली.

जागेचंही पाहायला हवं. धनकवडीतून निघून सहा वाजता पहिल्या घरी पोळ्या लाटायला पोचणाऱ्या बाईला शहराच्या कडेचं स्वस्त घर परवडत नाही. दोन बस बदलण्यात एक काम सुटतं. महापालिकेच्या जुन्या वसाहती, पीएमपीची आगारं शहराच्या मध्यात आहेत. त्यांचा पुनर्विकास निघाला की दुकानं आणि कार्यालयांचा विचार आधी होतो. तिथे वरचे चार मजले भाड्याच्या घरांना राखून ठेवायला हवेत.

राज्याच्या 2025 च्या गृहनिर्माण धोरणात विद्यार्थी, नोकरदार महिला आणि कामगार यांच्या भाड्याच्या घरांचा उल्लेख आहे आणि 20,000 कोटींच्या महाआवास निधीचीही घोषणा आहे. त्या निधीतून बांधकामाखेरीज देखभालीला दरवर्षी किती, हे आपल्या आमदारांना विचारा. महापालिकेत नागरिकांच्या सूचनांचं अंदाजपत्रक असतं, पण ते पदपथ, बाकडी अशा छोट्या कामांपुरतं. भाड्याच्या घरांसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष हवं असेल तर अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे येण्याआधी, डिसेंबरातच, नगरसेवकाला गाठा आणि मागणी लेखी द्या. अर्जावर सोसायटीत काम करणाऱ्या मावशींच्याही सह्या घ्या.