नावांची भिंत : माया लिन यांची शिल्पवास्तू

काही कलाकृती समोर उभे राहून पाहावयाच्या असतात, तर काहींमधून चालत जावे लागते. गेल्या अर्धशतकात अनेक कलावंतांनी शिल्पकला आणि वास्तुकला यांमधील सीमा ओलांडून जमीन, पाणी व प्रकाश यांनाच आपले माध्यम केले. त्यांपैकी अमेरिकेतील माया लिन यांच्या कार्याचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

व्हिएतनाम युद्धात मृत्यू पावलेल्या अमेरिकन सैनिकांच्या वॉशिंग्टन येथील स्मारकासाठी १,४२१ आराखडे आले होते. परीक्षकांपुढे प्रत्येक आराखड्यावर केवळ क्रमांक होता. कर्त्याचे नाव वा वंश त्यांना ठाऊक नव्हता. १९८१ साली त्यांनी निवडलेला आराखडा येल विद्यापीठातील २१ वर्षांच्या विद्यार्थिनीचा, चिनी स्थलांतरित दांपत्याच्या कन्येचा निघाला.

जमीन उतरती कापून तिच्या कुशीत काळ्या ग्रॅनाइटच्या दोन भिंती बसविल्या आहेत. प्रत्येकीची लांबी सुमारे २४७ फूट. बाहेरच्या टोकाशी त्या जेमतेम वीतभर उंच आहेत. जेथे त्या परस्परांस मिळतात, तेथे उंची १० फूट होते. उतारावरून चालणाऱ्याच्या डोक्याहून नावे हळूहळू उंच होत जातात. हा दगड बंगळुरू परिसरातून गेलेला आहे. त्यावरील ५८,००० हून अधिक नावे मृत्यूच्या दिनक्रमाने कोरली असून हुद्दा कोठेही लिहिलेला नाही. अधिकारी आणि साधा शिपाई एकाच मापाच्या अक्षरांत शेजारी येतात. चकचकीत दगडात वाचणाऱ्याचा चेहराही उमटतो.

या आराखड्याला तीव्र विरोध झाला. काळा रंग लज्जेचा आहे, असे म्हटले गेले; कर्तीच्या वंशावरही बोट ठेवले गेले. तडजोड म्हणून १९८४ मध्ये जवळच तीन सैनिकांचा पुतळा बसविण्यात आला. परंतु १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये भिंत खुली होताच आप्तजन नावावर कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा ठसा घेऊ लागले, पायथ्याशी पत्रे व फुले ठेवू लागले.

पुढे १९८९ मध्ये माँटगोमेरी येथे नागरी हक्कांच्या लढ्यातील हुतात्म्यांची नावे त्यांनी गोलाकार दगडावर कोरविली आणि त्यांवरून पाणी वाहते ठेवले.

आपल्या संस्थांमध्येही कोनशिला व नामफलक लागतात. तेथे कोणाचे नाव मोठ्या अक्षरांत येते आणि कोणाचे येतच नाही, याचा विचार आपण सर्वांनी करावा, असे आम्हांस वाटते.