बिलाचा ईमेल पाठवणारा कोड: डेव्हलपरला हे नक्की विचारा

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून ईमेलचा भाग इथे नीट लिहितोय.

बिल, पावती, थकबाकीची आठवण, हे सगळं तुमचं सॉफ्टवेअर ईमेलने पाठवतं. बऱ्याचदा डेव्हलपर ईमेल सेवा देणाऱ्या कंपनीचा कोड थेट बिलाच्या कोडमध्येच घालून टाकतो. ईमेल २० ठिकाणांहून जात असेल तर २० ठिकाणी! उद्या त्या कंपनीने दर वाढवले की सगळी ठिकाणं उघडायची, आणि त्याचे पैसे तुम्ही द्यायचे.

म्हणून पत्र वेगळं, कुरिअरवाला वेगळा. पत्रात कोणाला, विषय, मजकूर आणि जोडलेली पीडीएफ. ते कोण नेणार, हे पत्राला माहीतच नसावं. पायथॉनमधल्या जँगोने हेच केलंय. तिथे बॅकएंडची एक सेटिंग बदलली की पाठवणारा बदलतो, बाकी कोडला हात लागत नाही. चाचणीच्या वेळी ‘कन्सोल’ बॅकएंड लावला तर ईमेल नुसता स्क्रीनवर छापला जातो. ‘टेस्ट टेस्ट’ लिहिलेलं बिल खऱ्या ग्राहकाला गेलं की काय होतं, ते ज्याचं गेलंय त्यालाच विचारा.

आता खरी गोम. ईमेल गेला नाही तर पुढे काय? समोरचा सर्व्हर तीन आकडी उत्तर देतो. ४ ने सुरू होणारं म्हणजे ‘आत्ता जमत नाही, नंतर या’. ५ ने सुरू होणारं म्हणजे ‘नाही म्हणजे नाही’, उदाहरणार्थ पत्ताच चुकीचा. लायब्ररीने या दोन्हीला नुसतं ‘फेल’ म्हटलं तर पंचाईत. एकतर चुकीच्या पत्त्यावर पुन्हा पुन्हा धडका मारत बसाल, नाहीतर जाऊ शकणारं बिल सोडून द्याल. आणि २५० हे उत्तर आलं तरी हुरळून जाऊ नका. सर्व्हरने पत्र ताब्यात घेतलं, एवढाच त्याचा अर्थ. ग्राहकाने वाचलं असं नाही.

एक अडचण मात्र पूर्ण सुटत नाही. पत्र दिलं आणि २५० येण्याआधीच नेट गेलं, तर पोचलं की नाही? कळायला मार्ग नाही. बिलाच्या बाबतीत माझं मत, पुन्हा पाठवा. दोनदा गेलेलं चालेल, न गेलेलं चालणार नाही. फक्त विषयातच बिल नंबर टाका, म्हणजे ग्राहक दोनदा पैसे भरणार नाही. जाहिरातीच्या ईमेलला मात्र उलट, तिथे सोडून द्या.

डेव्हलपरला एवढंच विचारा: “ईमेल कंपनी बदलली तर किती फाइल बदलाव्या लागतील?” पुढच्या भागात एसपीएफ आणि डीकिम बघू.