टिटिव्हिलस : कान भरणारा दरबारी

बुद्धिबळात राजा, वजीर, उंट आणि घोडा असतात. कोणी किती घरे चालायचे, हे ठरलेले असते. वजिराने राजाच्या कानात काही सांगितले आणि राजा घाबरून पटावरून निघून गेला, असे बुद्धिबळात कधी घडत नाही. पण असे घडू शकते असाही एक खेळ आहे. त्याचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो तयार केला आणि १९७४ साली तो प्रसिद्ध झाला.

या खेळाला पट लागतोच असे नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. कागद, पेन्सिल आणि फासे एवढे सामान पुरते. त्यांतील एका फाशाला वीस बाजू असतात. प्रत्येक खेळाडू एक भूमिका घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार, तर कोणी चोर. एक जण मात्र सूत्रधार असतो. तो गोष्ट सांगतो आणि गोष्टीत भेटणाऱ्या बाकी सगळ्यांच्या वतीने बोलतो. "समोर लोखंडी दरवाजा आहे. काय करता?" असे तो विचारतो. खेळाडू उत्तर देतात आणि गोष्ट पुढे सरकते.

या खेळातल्या कल्पित जगात नरकाचे नऊ थर आहेत. सर्वांत खालच्या थरात ॲस्मोडियस नावाचा सम्राट राहतो. दुसऱ्या थरात डिस नावाचे लोखंडाचे शहर आहे. तिथला राजा डिस्पेटर. राजा आहे म्हणजे दरबार आहे, आणि दरबार आहे म्हणजे दरबारीही आहेत. (सैतान, दरबार, वजीर, फर्मान हे शब्द तुम्हांला शिकवावे लागणार नाहीत. ते मराठीत आले आहेत ते तुमच्या ओळखीच्या वाटेनेच.)

डिस्पेटर दुसऱ्यांची गुपिते जमवतो. जो दुसऱ्यांची गुपिते जमवतो, त्याला आपले गुपित कोणी चोरील अशी धास्ती सतत असते. हीच धास्ती त्याच्या टिटिव्हिलस नावाच्या दरबाऱ्याने हेरली. १९८३ साली निघालेल्या या खेळाच्या एका पुस्तकात टिटिव्हिलस आहे, आणि २०१८ सालच्या पुस्तकात त्याची कारस्थाने सविस्तर दिली आहेत. अंगबळात इतर बड्या सैतानांपुढे तो दुबळाच आहे. त्याचे हत्यार म्हणजे त्याची जीभ. त्याने राजाच्या संशयाला खतपाणी घातले. राजा महालात दडून बसला. आता शहराला हुकूम ऐकू येतात ते टिटिव्हिलसच्या तोंडून! खेळाच्या नियमांनी त्याला एक गमतीची शक्तीही दिली आहे. तो बोलतो एका जागी, आणि त्याचा आवाज साठ फुटांपर्यंतच्या दुसऱ्या एखाद्या जागेवरून येऊ शकतो. कान भरणाऱ्या माणसाचे यापेक्षा नेमके चित्र कोणते असेल?

पण दोष एकट्या टिटिव्हिलसचा आहे का? मला तसे वाटत नाही. डिस्पेटरने एकदा तरी दार उघडून, बाहेर काय चालले आहे, हे स्वतः पाहायला हवे होते.

या खेळातले सैतान सहसा करार मोडत नाहीत. ते कराराचे अक्षर पाळतात आणि अर्थ मात्र वाकवतात. म्हणून अशा दरबाऱ्याची गाठ पडली की खेळाडूंच्या तलवारी निरुपयोगी ठरतात. तो काय म्हणाला यापेक्षा त्याने काय म्हणायचे टाळले, हे ऐकावे लागते. खुद्द टिटिव्हिलसही सुखी नाही. बलवान सैतान आपल्यावर उठले तर आपला टिकाव लागणार नाही, हे तो ओळखून आहे. म्हणून तो बाहेरच्या साहसी माणसांना हाताशी धरतो. ती माणसे म्हणजे टेबलाभोवती बसलेले खेळाडू!

हे नाव खेळ रचणाऱ्यांनी नव्याने बनवलेले नाही. तेराव्या शतकातील युरोपात टिटिव्हिलस नावाच्या सैतानाची कथा सांगत असत. प्रार्थना म्हणताना लोक जे शब्द अर्धवट उच्चारत, जी अक्षरे गिळत, ती तो पिशवीत गोळा करी, अशी समजूत होती. हस्तलिखितांची नक्कल करणाऱ्यांच्या चुकाही पुढे त्याच्याच नावावर जमा झाल्या.

चूक लहान असते, पण तिचे परिणाम लहान नसतात. १६३१ साली लंडनमध्ये छापलेल्या बायबलमधील एका आज्ञेत 'करू नकोस' याऐवजी 'कर' असे छापले गेले. छापणाऱ्यांना ३०० पौंड दंड झाला. उर्दूत 'दुआ' लिहिताना ऐनवर एक नुक्ता जास्त पडला की 'दगा' होतो. आणि 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार मराठीत कसा आला? ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पत्रात 'धरावे' असे होते, आनंदीबाईंनी त्याचे 'मारावे' केले, असे लोक सांगतात. ही दंतकथा असेल. तिला भक्कम पुरावा नाही. पण वाक्प्रचार मात्र भाषेत कायमचा राहिला.

शब्द बदलण्याची पाळी खुद्द या खेळावरही आली. १९८० नंतरच्या काळात, हा खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावील, अशी भीती अमेरिकेतील काही पालकांना वाटू लागली. १९८९ साली दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा कंपनीने 'सैतान' हा शब्दच गाळला. पुढे त्या पात्रांना 'बाटेझू' असे नवे नाव मिळाले. नाव बदलले, कारस्थाने तीच राहिली. २००० साली तिसऱ्या आवृत्तीत जुना शब्द परत आला.

टिटिव्हिलस रंगभूमीवरही आला होता. सुमारे १४७० सालच्या 'मॅनकाइंड' या इंग्रजी नाटकात तो एका कष्टाळू शेतकऱ्याच्या जमिनीत फळी पुरून ठेवतो, त्याचे बियाणे पळवतो, आणि तो झोपला असता 'तुझ्या गुरूने घोडा चोरला, त्याला फाशी झाली' असे खोटेच त्याच्या कानात सांगतो. शेतकरी ते खरे मानतो. या नाटकात एक गंमत आहे. टिटिव्हिलस येण्याआधी नट खेळ थांबवत आणि प्रेक्षकांकडून पैसे गोळा करत. पैसे जमले की मगच तो मंचावर येई.

स्वाध्याय
१. डिस्पेटर महालात दडून का बसला?
२. 'कराराचे अक्षर पाळणे आणि अर्थ वाकवणे' म्हणजे काय, ते तुमच्या शब्दांत एक उदाहरण देऊन सांगा.
३. वाक्यात उपयोग करा : कान भरणे, खतपाणी घालणे, हाताशी धरणे, ध चा मा करणे.
४. एका नुक्त्याने अर्थ बदलतो असे उर्दूतील आणखी दोन शब्द शोधा व त्यांचे मराठी अर्थ लिहा.