इंधन घडविणारे सच्छिद्र उत्प्रेरक आणि शेतातील काडीकचरा

पीक निघाल्यानंतर शेतात उरणाऱ्या काडीकचऱ्यापासून द्रव इंधन तयार करता येते, हे आता प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. या कामी मोठा आधार आहे तो सच्छिद्र उत्प्रेरकांचा. उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रियेचा वेग वाढविणारा पदार्थ होय. तो कारखान्यात असतो. परंतु तो किती काळ टिकेल, हे पुष्कळ अंशी शेतातच ठरते. म्हणून त्याचे कार्य शेतकरी बंधूंनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

सच्छिद्र पदार्थ कसा असतो?

माठातून पाणी पाझरते, कारण भाजलेल्या मातीत सूक्ष्म छिद्रे असतात. ही छिद्रे लहानमोठी व वेडीवाकडी असतात. झिओलाईट या वर्गातील खनिजांत मात्र प्रत्येक प्रकाराची छिद्रे ठराविक मापाची व ओळीने रचलेली असतात. महाराष्ट्रातील काळ्या पाषाणात विहीर खणताना पोकळ्यांत पांढरे, चकचकीत स्फटिक सापडतात. लोक त्यांना सरसकट गारगोट्या म्हणतात. त्यांपैकी स्टिलबाईट, ह्यूलँडाईट इत्यादी स्फटिक झिओलाईटच होत. स्वीडनमधील खनिजशास्त्रज्ञ क्रॉनस्टेट यांनी १७५६ मध्ये असा दगड तापविला, तेव्हा त्यातून वाफ निघून तो उकळल्यासारखा दिसला. त्यावरून त्यांनी 'उकळणारा दगड' या अर्थाचे हे ग्रीक नाव दिले.

या छिद्रांच्या आतील भिंतींचा विस्तार फार मोठा असतो. इंधनाच्या कामी वापरल्या जाणाऱ्या एक ग्रॅम झिओलाईटमध्ये तो सुमारे ४०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ चार गुंठे भरतो. रासायनिक क्रिया याच भिंतींवर घडते. मात्र विहिरीतील दगड या कामी चालत नाही. कारखान्यातील झिओलाईट सिलिका व ॲल्युमिना यांपासून मुद्दाम तयार करतात.

चाळणी आणि कारागीर

उसाच्या मळीपासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्यापूर्वी त्यातील पाणी काढावे लागते. नेहमीच्या ऊर्ध्वपातनाने इथेनॉलचे प्रमाण वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांपलीकडे जात नाही. राहिलेले पाणी काढण्यासाठी झिओलाईटचा थर वापरतात. पाण्याचा लहान रेणू छिद्रात शिरतो, इथेनॉलचा मोठा रेणू बाहेर राहतो. येथे झिओलाईट केवळ चाळणीचे काम करतो.

उत्प्रेरक म्हणून वापरलेला झिओलाईट चाळणीबरोबर कारागिराचेही काम करतो. झेडएसएम-५ हा त्यांपैकी प्रसिद्ध प्रकार होय. मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केल्यास त्यांपैकी एका भागाच्या सुमारे निम्म्याएवढी त्याची छिद्रे रुंद असतात. छिद्रांच्या भिंतींवर आम्लधर्मी जागा असतात. तेथे रेणू तुटतात व नव्याने जोडले जातात आणि छिद्रांत मावतील एवढेच रेणू तयार होऊन बाहेर पडतात. न्यूझीलंडमध्ये १९८५ साली या उत्प्रेरकाच्या साहाय्याने मिथेनॉलपासून पेट्रोल करणारा मोठा कारखाना सुरू झाला. तेथील मिथेनॉल नैसर्गिक वायूपासून केलेले होते. परंतु मिथेनॉल काडीकचऱ्यापासूनही करता येते.

दुसरी रीत अधिक सरळ आहे. काडीकचरा हवेवाचून सुमारे ५०० अंश सेल्सियसपर्यंत झपाट्याने तापविला असता वाफा निघतात. त्या थंड केल्यावर काळसर, आंबूस तेल मिळते. या तेलात वजनाने ३५ ते ४० टक्के ऑक्सिजन असल्याने ते डिझेलमध्ये मिसळत नाही व धातू गंजविते. त्याच वाफा झिओलाईटवरून नेल्यास बराचसा ऑक्सिजन पाणी व कार्बनचे वायू या रूपांत निघून जातो आणि पेट्रोलशी मिळतेजुळते घटक उरतात. ही रीत अद्याप बहुतांशी प्रायोगिक व प्रात्यक्षिक अवस्थेत आहे.

छिद्रे निकामी का होतात?

१. कोळसा : क्रिया चालू असता छिद्रांत कोळसा साचतो. हवा सोडून तो जाळता येतो व उत्प्रेरक पुन्हा कामास येतो.

२. क्षार : राखेतील पोटॅशियम, सोडियम व कॅल्शियम आम्लधर्मी जागांवर बसतात. जाळल्याने ते जात नाहीत.

३. वाफ : अति उष्णतेत पाण्याची वाफ झिओलाईटच्या रचनेतून ॲल्युमिनियम बाहेर काढते व त्याची शक्ती कायमची कमी होते.

यांतील पहिला दोष कारखाना निस्तरू शकतो. दुसऱ्या व तिसऱ्या दोषांस मात्र माती व ओलावा यांची भर शेतातूनच पडते. आपल्या काळ्या जमिनी बहुधा चुनखडीयुक्त असल्याने काडीबरोबर गेलेली माती विशेष अपायकारक ठरते.

शेतावर घ्यावयाची काळजी

पऱ्हाट्या व तुराट्या उपटल्यावर मुळांची माती झटकून टाकावी. काडी जमिनीवर ओढून गोळा करू नये. मूठभर तुकडे बादलीभर पाण्यात खळबळून पाहावेत. तळाशी गाळ बसल्यास माल पुन्हा झटकावा. ओलावा पाहण्यासाठी एक किलो तुकडे उन्हात वजन घटेनासे होईपर्यंत वाळवावेत. जेवढी घट येईल, तेवढा तरी ओलावा मालात होता असे समजावे. एक टन मालात ३० टक्के ओलावा असेल तर कोरडा माल ७०० किलो. १५ टक्के असेल तर ८५० किलो. म्हणून माती व ओलावा यांच्या अटी आणि त्यांवरील भावातील कपात विक्रीपूर्वीच लेखी ठरवून घ्यावी.

पऱ्हाट्यांची गंजी शेतात किंवा बांधावर रचून ठेवू नये. न उमललेल्या बोंडांत शेंदरी बोंडअळी दडून राहते व पुढील हंगामात कपाशीवर येते. खरेदीदार वेळेवर माल उचलत नसेल, तर त्याची वाट न पाहता पऱ्हाट्यांचा बारीक चुरा करून त्यांचे कंपोस्ट करावे.

काय विकू नये?

कडबा हा प्रथम जनावरांचा आहे. उसाचे पाचट शेतातच आच्छादन म्हणून ठेवल्यास ओल टिकते व कुजल्यावर सेंद्रिय कर्ब वाढतो. जे पोटॅशियम उत्प्रेरकास घातक, तेच जमिनीस आवश्यक अन्न आहे; काडी विकली की तेही शेताबाहेर जाते. म्हणून जेवढी काडी द्यावी, त्या मानाने शेणखत, कंपोस्ट अथवा हिरवळीचे खत जमिनीस परत दिले पाहिजे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काडीकचरा विक्रीचा सल्ला देताना भावाबरोबर हा हिशेबही शेतकऱ्यांपुढे मांडावा. जनावरांचा चारा व जमिनीचे खत वेगळे काढल्यावर जी काडी उरते, तीच इंधनाची. आणि ती कोरडी व स्वच्छ असेल तरच तिला मोल येईल.